आठ मॅचचं बनियन

कुलूपला घाणीची शिसारी होती, अगदी लहानपणापासून. आई लॉन्ड्रीवाली. घरात कायम साबणाचा आणि गरम इस्त्रीचा वास, आणि शर्टावर डाग दिसला तर हे लेकरू जेवायचं नाही. अशा माणसाने पोटापाण्याला निवडलं काय, तर फुटबॉलमधला डिफेन्स! चौदा वर्षं चिखलात लोळायचं, दुसऱ्याचं कोपर नाकात, दुसऱ्याचा घाम तोंडात. नाक दोनदा मोडलं. अख्ख्या कारकिर्दीत गोल एकच केला, तोही स्वतःच्याच जाळीत. पण त्याला चुकवून बॉल पुढे नेणं भल्याभल्यांना जमायचं नाही, म्हणून पोरांनी नाव पाडलं कुलूप.

चौतिसाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले आणि करारही संपत आला. कोच म्हणाला, "नऊ मॅच उरल्यात. एकही गोल बसू देऊ नका. तुझं आणखी एक वर्ष पक्कं."

आता यांची तऱ्हा ऐका. गोलकीपरने लगेच फर्मान काढलं: गोल बसेपर्यंत डिफेन्समधल्या कोणीही आतलं बनियन धुवायचं नाही. धुतलं की नशीब गेलं. कोच चांगला शिकलासवरलेला, भिंतीवर तक्ते, काखेत लॅपटॉप. त्यानेही मान डोलावली!

पाचव्या मॅचपर्यंत कुलूपचं बनियन पुठ्ठ्यासारखं ताठ झालं. सातव्यापर्यंत काखेत हिरवट नक्षी उमटली. डोक्यातून घालताना तो श्वास रोखायचा. गोलकीपर मात्र स्वतःचं नाकाला लावून म्हणायचा, "आहाहा, काय मुरलंय!" बायकोने पिशवी जिन्यात ठेवायला लावली. "ते आत आलं तर मी बाहेर," म्हणाली.

आठव्या मॅचला समोरच्यांना कॉर्नर मिळाला, तर त्यांचा फॉरवर्ड कुलूपच्या शेजारी उभाच राहीना. तीन पावलं लांबून रेफरीला ओरडून म्हणाला, "सर, याला आधी आंघोळ घाला, मग जातो जवळ!"

सगळे हसले, कुलूपही हसला. आणि हसता हसता त्याच्या ध्यानात आलं. गेल्या कित्येक मॅचमध्ये त्याला कोणी खांदा मारला नव्हता, शर्ट ओढला नव्हता. हा समजत होता आपण अडवतोय, आणि लोक नाक दाबून लांबून जात होते!

मॅच सुटल्यावर तो सरळ लॉन्ड्रीत गेला. "आई, हे धू."

आईने दोन बोटांच्या चिमटीत धरलं. "अरे मेल्या, काय पुरलंयस यात?"

"धुतलं तर माझं पुढच्या वर्षाचं काम जाईल कदाचित."

"आणि नाही धुतलं तर?"

"तर मला कळणारच नाही, मी अजून खेळतो की नुसताच वास मारतो."

 आईने ते तीन पाण्यांतून काढलं, चौथ्यात नीळ घातली, इस्त्री फिरवून घडी हातात दिली.

नवव्या मॅचला समोर अंगाने रेड्यासारखा गडी. पहिल्याच मिनिटाला त्याचं कोपर कुलूपच्या बरगडीत बसलं, आणि कुलूपला असा आनंद झाला म्हणता, जणू माहेरचं माणूस भेटलं! गडी पाच वेळा चालून आला, पाचही वेळा हात हलवत परतला. आणि शेवटी शेवटी, लांबून घरंगळत आलेला एक साधा बॉल गोलकीपरच्या हातातून निसटला आणि त्याच्याच पायांमधून आत गेला.

ड्रेसिंग रूममध्ये हाच गोलकीपर एकेकाची छाती हुंगत सुटला. खरंच, कुत्र्यासारखा! कुलूपपाशी थांबला. "साबण! यानेच धुतलंय!"

कोच आला. तोही वाकला, नाक लावून पाहिलं. "धुतलंस?"

"धुतलं. पण बॉल याच्या हातातून सुटला ना?"

"तो विषय वेगळा. टीमचा विचार करायला हवा होतास." लॅपटॉप मिटला. "करार होणार नाही."

कुलूप त्या वाकलेल्या, शिकलेल्या डोक्याकडे बघत राहिला. चौदा वर्षं त्याने चिखल गिळला, लोकांच्या थुंकीत लोळला, पण अशी किळस त्याला कधी आली नव्हती. त्याने बनियन काढून नीट घडी घातली.

निघताना डिफेन्समधला एक जण हळूच म्हणाला, "दादा, आता गोल बसलाच आहे, तर आमची पण घेतील का तुझ्या आईकडे?"

"आईचं नाक अजून शाबूत आहे," कुलूप म्हणाला. "जाळा ती."

आणि दार उघडंच टाकून गेला, जरा वारा तरी आत यावा म्हणून.