अंतराळातल्या पोराचे रोडगे

आमच्या सोनाळ्यात रविवारी सकाळी टीव्हीवर एक जपानी कार्टून लागायचं, हिंदीत बोलणारं. त्यातला पोरगा बापाशी भांडून यानात बसतो आणि पार ताऱ्यांपलीकडे निघून जातो. यंत्रमानव, किरणांच्या बंदुका असं सगळं त्यात होतं, पण दर भागात कोणीतरी रडायचंच. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवत. ते फक्त चुका काढायला बसत.

"तिथं हवाच नाही, तं स्फोटाचा आवाज येते कुठून?"

"हवेचं काय घेऊन बसले? त्याच्या मायचे हाल पाहा," आई म्हणायची.

तिचा जीव का तुटतो, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ बी.एड. करायचं नाही म्हणून बाबांशी भांडला आणि नाशिकला कारखान्यात लागला. दिवाळीलाही आला नाही. बाबांसमोर त्याचा विषय काढायची सोय नव्हती. म्हणून आईनं कार्टूनमधल्या पोरासाठी मारुतीला नवस केला: हा घरी आला, तर गल्लीला रोडगे घालीन.

शेवटच्या भागात यान घरासमोर उतरलं, दार उघडायला लागलं आणि लाईट गेली.

आता नवस फेडायचा की नाही? शेजारच्या खाला म्हणाल्या, "दार उघडलं म्हणजे आलाच समजा." आईला काही ते पटेना. न फळलेल्या नवसाचे रोडगे मारुतीला दाखवायचे कसे? ती धड जेवेना. शेवटी बाबा मला घेऊन एसटीडी बूथवर गेले आणि त्यांनी भावाच्या कारखान्यात फोन लावला.

"त्या कार्टूनमधल्या पोराचं काय झालं रे? आमच्या इथं लाईट गेली." मग म्हणाले, "तुझी माय जेवून नाही राह्यली."

ते रिसीव्हर कानाला घट्ट लावून भावाचं ऐकत होते.

"आला? बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मारुतीच्या पारापाशी गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी रटरटली. पहिल्याच पंगतीत भाऊ बसला होता. मला हसूही येत होतं आणि रडूही. बाबा तूप वाढत त्याच्यापाशी आले.

"उतरतानी ते यान तापून जळालं काऊन नाही?"

"मले काय माहीत?" भाऊ पानात पाहत म्हणाला. "माह्या खोलीवर टीव्हीच नाही."

बाबांनी त्याच्या रोडग्यावर आणखी तूप ओतलं.