डेस आणि वॅलचा एकच ईमेल

मूंटा गावातल्या आमच्या कचेरीत घरांच्या खरेदी-विक्रीचे आणि गहाणाचे करार होत. ते काम नोलीन ट्रेझाइजकडे, आणि माझं टेबल तिच्या शेजारी. नवरा-बायको सहीला आले की नोलीन नवऱ्याला हमखास बाहेर काढायची.

"जा, बेकरीतून खिमा-बटाट्याची पेस्टी घेऊन ये. आणि सारणात भेसळीचं गाजर निघालं तर तुलाच खायला लावीन."

तो गेला की दार लोटून बायकोला विचारायची, "आता सांग. तुला हे हवंय का?"

वॅल्मा रोवेटनं एकदा त्या खोलीत नुसती नकारार्थी मान हलवली होती. तिच्या नवऱ्याला, डेसला, राहतं घर गहाण टाकून बोट घ्यायची होती. तो पेस्ट्या घेऊन परतला तेव्हा नोलीन म्हणाली, "बँक ऐकत नाही रे डेस." डेसनं बँकेला मनसोक्त शिव्या घातल्या. घर राहिलं.

मग आमचा मालक ग्रँटली म्हणाला, लोकांना आता घरबसल्या सह्या करायच्यात. दोन सोयी होत्या. एकीत प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर आकडा यायचा, तो घातल्याशिवाय सही होत नसे. दुसरीत ईमेलवर लिंक यायची; दाबली की झाली सही.

"तूच ठरव," तो नोलीनला म्हणाला. "माणसं तुला माहीत."

माणसं माहीत होती म्हणूनच तिनं ईमेल निवडला. बार्लीच्या शेतांवर फोनला रेंज नाही, आणि म्हाताऱ्या बायका फोन बंद करून कपाटात ठेवतात. ईमेल मात्र प्रत्येक घरात. प्रत्येक घरात एकच, दोघांची नावं जोडून केलेला, आणि तो उघडायचा नवऱ्यानं. हेही तिला माहीत होतं. पण गावात सगळ्यांचंच तसं, त्यामुळे त्यात वावगं काही दिसलं नाही.

वसंतात वॅल्मा बेकरीत भेटली. हातात कापडाची पिशवी.

"स्वयंपाकघराला पडदे शिवतेय. पिवळे. डेस म्हणतो, डोळ्यांत खुपतात."

"नव्या घराला का?" नोलीननं विचारलं.

"कुठलं नवं घर गं?"

नोलीनचा हात पेस्टीच्या पाकिटावर तसाच राहिला. रोवेटांचं घर ॲडलेडच्या एका डॉक्टरला विकल्याचा करार तिनंच पाठवला होता. दोघांच्या सह्या होऊन परत आला होता.

कचेरीत नोलीननं हे सांगताच ग्रँटलीनं दार लावून घेतलं. "सही माझी नाही, असं वॅल्मा एकदा म्हणाली की सगळं थांबतं," तो म्हणाला. "पण मग ती केली कुणी, हे पोलीस विचारणार."

मी नोलीनला गाडीतून वॅल्माकडे नेलं. डेस धक्क्यावर मासे धरायला गेला होता. वॅल्मानं सगळं ऐकून घेतलं. शिलाईच्या यंत्राखाली पिवळा पडदा अर्धवट होता.

"गेले दोन महिने क्वीन्सलंडचं गुणगान चाललंय त्याचं, तिथंच जाऊन राहू म्हणतो," ती म्हणाली. "मला वाटलं, म्हातारचळ."

"वॅल, नुसतं नाही म्हण. घर तुझंच राहील."

"आणि त्याला धरून नेतील."

"त्याचं तो बघेल!"

"त्याचं त्यानं कधी बघितलंय? मोजेसुद्धा मी काढून देते." ती हसली, पण ते हसू लगेच विझलं. "चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसू मी? मुलीला काय सांगू?"

"तेव्हा बोटीला नाही म्हणालीस की."

"तेव्हा तू होतीस खोलीत. आणि तो बाहेर होता."



वॅल्मानं यंत्रातून पडदा सोडवला, दोरा दातानं तोडला आणि घडी घातली. मग चष्मा लावून नोलीनशेजारी येऊन बसली.

"तुझ्या फोनवर दाखव बरं," ती म्हणाली, "मी सही कशी केली ते. कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."