अण्णांचे एकतीस पाठ

अण्णा हार्ट अटॅकनं गेले. त्यांना पुसून टाकलं ते मात्र आपण.

आज वर्ष झालं.

सकाळपासून ग्रुपवर त्यांचे फोटो फिरतायत. "आमचे मार्गदर्शक." "कॉम्प्युटरमधला देवमाणूस."

हेच लोक त्यांना "फुकट अण्णा" म्हणायचे. तोंडावर.

मी एरवी काही लिहीत नाही. आज राग आलाय म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अण्णा फौजेत सिग्नलला, म्हणजे वायरलेसवर होते. सुभेदार होऊन रिटायर झाले आणि मिरजेजवळच्या आपल्या गावी आले. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर, विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टीम टाकून, परत चालू करून द्यायचे. आमच्या शाळेच्या ऑफिसातलाही त्यांनीच केला. मी तिथं क्लार्क आहे.

"अण्णा, मला जमेल का हे?"

"टायपिंग येतंय न्हवं? मग भ्यायचं कशाला? रायफल न्हाई ती."

नवीन माणसांसाठी त्यांनी मराठीत पाठ लिहिले होते. एकतीस. प्रत्येक अर्ध्या पानाचा, ते बोलायचे तसाच.

"घर घ्यायच्या आधी आठ दिस भाड्यानं ऱ्हावा. तसं लिनक्स आधी पेनड्राइव्हवरनं चालवून बघा. वायफाय, आवाज, प्रिंटर. समदं चाललं तरच आत टाका."

"कमांड देताना पासवर्ड पडद्यावर दिसत न्हाई. कीबोर्ड बिघडला न्हाई. टाका, एंटर मारा, गप बसा."

हा पाठ माझ्यामुळे लिहिला गेला. पहिल्या दिवशी मी अर्धा तास कीबोर्ड आपटत होते.

"नेटवर दिसली कमांड की चिकटवली, असं करू नका. रस्त्यावरच्या माणसाकडनं इंजेक्शन टोचून घेता का?"

असे एकतीस. सगळे त्यांच्या कॉम्प्युटरवर होते.

अण्णा गेल्यावर दीड महिन्यानं मी ते आणायला त्यांच्या गावी गेले. त्यांचा पुतण्या दारातच भेटला.

"आवं ताई, त्यो कॉम्प्युटर तर दहाव्यालाच दिला. कपडे, अंथरूण, चपला, समदंच दिलं. गेलेल्या माणसाचं घरात ठिवत न्हाईत."

मी कुणाला उलटून बोलत नाही. पण बोलले.

"टीव्ही ठेवलाय की."

"टीव्ही समद्यांचा हाय."

मी विचारलं, दिला कुणाला?

कॉम्प्युटर मिरजेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला होता. तिथं गेले. टेबलावरच होता. अण्णांनी झाकणाला मारलेली चिकटपट्टी तशीच होती. आत मात्र नवीन विंडोज.

"ताई, त्यात काय नव्हतं. लिनक्स होतं नुसतं."

"पुसायच्या आधी आत बघितलं का?"

"बघितलं की. मराठीत कायतरी लिवलेलं. शाळेतल्या पोरांचं वाटलं."

बघितलं. वाचलं. आणि पुसलं.

मी एसटीनं घरी आले. वर्षभर या दोघांना मनात शिव्या देतेय.

पण आज खरं लिहायचं तर पूर्ण लिहायला पाहिजे.

दीड महिना मी गेले नव्हते. मग एकदम का गेले?

कारण दुसरी प्रत माझ्याकडे होती.

अण्णांचा सगळ्यात मोठा नियम होता. "दोन प्रती ठिवायच्या. एक आपल्या घरात, एक दुसऱ्याच्या घरात. घर जळलं तरी पाठ ऱ्हायला पाहिजे." ते दुसरं घर माझं होतं.

त्यांनी मला दोन पेनड्राइव्ह दिले होते. दोन्ही निळे. एकावरून लिनक्स टाकायचं, दुसऱ्यात पाठ. ओळखता यावा म्हणून पाठांच्या पेनड्राइव्हला तांबडा दोरा बांधून दिला होता.

दोरा मळला म्हणून मी काढून टाकला.

अण्णा गेल्यावर आमच्या एका बाईंचा जुना लॅपटॉप आला. म्हटलं, अण्णांच्या नावानं हा आपण करू. पेनड्राइव्हवर लिनक्सचं नवीन व्हर्जन घ्यायचं म्हणून ड्रॉवरमधला निळा पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर आलं, या पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?

मी "हो" दाबलं.

न वाचता. आपण सगळे दाबतो तसं.

पाठ चौथा: "हो म्हणायच्या आधी वाचा. लग्नाला बी कोण इतक्या घाईनं हो म्हणत न्हाई."

सांगलीत एका जाणकाराला तो पेनड्राइव्ह दाखवला. नुसती तुटकी अक्षरं निघाली. तेव्हा कुठं मी पुतण्याच्या दारात गेले.

पुतण्याला निदान माहीत नव्हतं आत काय आहे. मला माहीत होतं. मला शिकवलेलं होतं.

म्हणून हात जोडून सांगते. आज अण्णांच्या फोटोला हार घालू नका. स्टेटस ठेवू नका. त्यांनी कुणाकुणाला पाठांच्या प्रिंट दिल्या होत्या. फलटणच्या एका बाईंना पोस्टानं पाठवल्या होत्या, एवढं मला आठवतंय. नाव आठवत नाही. कुणी मोबाईलवर फोटो काढले असतील. जुन्या वहीत, फायलीत, कपाटावरच्या पेपरखाली बघा.

मला आठवले ते सात पाठ आठ दिवस बसून टाइप केलेत. आठवा काल सापडला. आमच्या शिपाईमामांनी त्या कागदात डबा गुंडाळून ठेवला होता. तेलाचे डाग पडलेत, पण वाचता येतो.

आठही खाली कमेंटमध्ये टाकतेय. नुसतं लाइक करू नका. उतरवून घ्या. एक प्रत आपल्या घरात, एक दुसऱ्याच्या घरात.

अण्णा, आठ झाले. तेवीस राहिलेत.

दोरा परत बांधलाय.

नमस्कार.