उड्या मारायची स्पॅनिश

सुती साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून तीन-चार वर्षांच्या पोरांना स्पॅनिशमध्ये बेडूकउड्या शिकवणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच असणार आणि ती माझी आत्या आहे, यावर मी कोणाशीही पैज लावायला तयार आहे. खुद्द स्पेनमध्ये अशा बाया असतीलही, पण पोरगं धपकन पडल्यावर त्या "ऊठ रं माझ्या वाघा" म्हणत नसतील. वैजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आत्यानं एकतीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला. रिटायर झाल्यावर ती छत्रपती संभाजीनगरला आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आली. तिच्या वयाच्या बायकांनी तिला भजनी मंडळात नेलं, तर पहिल्याच आठवड्यात ती परत आली. कारण विचारलं तर म्हणाली, "दोन दोन तास बसून राहावं लागतंय बाबा." बसणं हा प्रकार तिला जमतच नाही. टीव्ही ती उभ्यानं बघते, चहा येरझाऱ्या घालत पिते आणि फोनवर बोलता बोलता चार मजले चढून उतरते. त्यामुळे तिच्या बोलण्यात निम्म्या धापाच असतात आणि पलीकडचा माणूस घाबरून "बरं नाही का?" म्हणून विचारत राहतो.

तिच्या आयुष्यात स्पॅनिश शिरली ती नातवामुळे. तिचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, नोकरीसाठी स्पेनला गेला आणि तिथंच संसार थाटून राहिला. नातू तीन वर्षांचा झाला तेव्हा आत्या तीन महिन्यांचा व्हिसा आणि दोन किलो शेंगदाण्याची चटणी घेऊन तिकडे गेली. घरची मंडळी कामावर जायची, नातवाला बागेत न्यायचं काम आत्याकडे. त्या बागेत एक तरुण बाई लहान मुलांचा वर्ग घ्यायची. पळायचं, थांबायचं, उडी मारायची, गोल फिरायचं, बाकाखालून रांगत जायचं. आत्या पहिल्या दिवशी दोन मिनिटं बाकावर बसली आणि तिसऱ्या मिनिटाला पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. त्या बाईनंही भली मोठी विद्यार्थिनी मिळाल्यासारखं तिला सामावून घेतलं. आत्या रात्री, न चुकता, डायरीत शब्द उतरवायची. कोर्रे म्हणजे पळ, पारा म्हणजे थांब, साल्ता म्हणजे उडी मार, हीरा म्हणजे गोल फिर, गातेआ म्हणजे रांग. असे चाळीसेक शब्द जमले आणि व्हिसा संपला. आत्याला स्पॅनिशमध्ये पाणी मागता येत नाही, भाजीचा भाव विचारता येत नाही, पण मनात आणलं तर अख्ख्या स्पेनला रांगायला लावता येतं.

परत आल्यावर आठ-दहा दिवस ती नुसती गॅलरीत उभी राहून खालची सोसायटीची बाग बघायची. तिथं पोरं आजीचा हात धरून शहाण्यासारखी उभी असायची. मग एका संध्याकाळी ती शूज घालून खाली उतरली. दुसऱ्या दिवशी मला गाडी काढायला लावून शहागंजात घेऊन गेली आणि एका जुन्या दुकानात तिनं दोरखंडाचा ढीग उपसायला सुरुवात केली. दुकानदारानं तिचा अवतार बघून अदबीनं विचारलं, "खाला, जानवर कित्ते हैं?"

"बाईस," आत्या म्हणाली. "सब तीन-चार साल के. पर भागते लई हैं."

दुकानदारानं मजबूत सुताचा दोर दिला. तो अजून टिकून आहे.

वर्ग सुरू झाला आणि सोसायटीत खळबळ माजली. बागेत 'पळण्यास मनाई आहे' अशी पाटी होती. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे एक वजनदार गृहस्थ, सर्वच अर्थांनी. ते पाटीकडे बोट दाखवत आले. आत्यानं पाटी नीट वाचली आणि म्हणाली, "मराठीत हाय की पाटी. आमी स्पॅनिशमधी पळायलोत." सेक्रेटरी वर जाऊन नियमांची फाईल काढतात तोवर वर्ग संपला होता. मग पालक येऊ लागले. एका आजींची समजूत झाली की इथं दागिन्यांची नावं शिकवतात, कारण त्यांचा नातू घरात दिवसभर "हीरा, हीरा" करत भिंगरीसारखा फिरत होता. लॅपटॉपची बॅग घेतलेले एक बाबा विचारायला आले, "आत्या, वर्षभरात मुलाची ए-वन लेव्हल होईल ना?" ए-वन ही स्पॅनिशची पहिली परीक्षा असते, हे आत्याला कुठलं ठाऊक! ती म्हणाली, "ए-वन तर आत्ताच हाय. बघा की, एका पायावर धा उड्या मारतंय."

मीही एकदा तिला छेडलं. म्हटलं, "आत्या, एकतीस वर्षं मराठी शिकवलंस. उडी मार म्हणायला स्पॅनिश कशाला लागते?"

"मराठीत पोरानं काय ऐकलेलं असतंय सांग बरं?" तिनं दोराला गाठ मारता मारता विचारलं. "पळू नको, पडशील. चढू नको. उड्या मारू नको, खालचे वरडतील. समद्या शब्दांना आपण 'नको' चिकटवून ठेवलाय. हे शब्द कोरे हायेत. यांना अजून कुणी रागावलेलं नाय."

त्याच सकाळी मी माझ्या लेकीला दोनदा "पळू नको" म्हणालो होतो.

या बावीस पोरांत आमच्या वॉचमनची सोनी होती. माणसं वेरूळकडची, पूर्वी मेंढरं राखणारी, आता इथं गेटशेजारच्या खोलीत राहणारी. सोनी चार वर्षांची. पळायला सगळ्यांत पुढे, पण उडी म्हटली की तिचे पाय जमिनीला चिकटायचे. आदल्या वर्षी ती शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात पडली होती. हाडबिड काही मोडलं नव्हतं, पण तेव्हापासून तिनं दोन्ही पाय एकदम उचलले नव्हते. तिची आई आत्याला विचारायची, "बाई, डॉक्टर म्हणतोय काय नाय. मग हिच्या पायात हाय तरी काय?" आत्या म्हणायची, "पायात नाय. असू दे." रोज "साल्ता!" झालं की एकवीस पोरं दोरावरून उडायची आणि सोनी दोराला वळसा घालून पलीकडे जायची. आत्या तिला एका शब्दानं बोलायची नाही. उलट कोणी हसलं तर त्याला दोन फेऱ्या जास्त रांगायला लावायची. असे सहा-सात महिने गेले. मला तर वाटलं, आत्याचं तिच्याकडे लक्षच नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सेक्रेटरींनी परस्पर जाहीर केलं की आता मुलं स्पॅनिशमध्ये काहीतरी सादर करतील. पालकांनी मोबाईल उगारले. आत्या दोर घेऊन पुढे आली, जमिनीपासून चार बोटांवर बांधला आणि म्हणाली, "पोरांचं रोजचंच हाय. आज मोठ्यांनी. सेक्रेटरीसाहेब, या. साल्ता!"

सगळे हसले. सेक्रेटरीही हसत पुढे आले, दोरापाशी थांबले आणि तिथं त्यांचं हसू मावळलं. पूर आलेल्या नदीकडे बघावं तसं ते त्या दोराकडे बघू लागले. "गुडघ्याचं जरा..." असं काहीसं पुटपुटले. लोकांचं हसणं हळूहळू थांबलं. माणूस खरंच घाबरलाय हे सगळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात सोनी रांगेतून बाहेर आली. तिनं त्यांचं बोट धरलं आणि म्हणाली, "काका, मला बी भ्याव वाटतंय."

सेक्रेटरींनी तिच्याकडे पाहिलं. "मग? करायचं काय?"

सोनीनं बराच विचार केला. "तुमी माझं बोट सोडू नका," ती म्हणाली.

आणि दोघं उडाली. सेक्रेटरींच्या खिशातून किल्ल्या, पेन आणि चष्मा असं सगळं दोराच्या अलीकडेच पडलं, पण ते स्वतः पलीकडे पोचले. सोनीही पोचली. गेटपाशी उभ्या असलेल्या तिच्या आईनं पदर तोंडात धरला होता. मी आत्याकडे पाहिलं. वाटलं, आता ती सोनीला कडेवर घेईल, काही बोलेल. आत्या म्हणाली, "हां. आता परत."

सोनीनं त्या दिवशी एकूण किती उड्या मारल्या कोण जाणे. तिची आई दुपारी तिला जेवायला उचलूनच घेऊन गेली.

गेल्या मे महिन्यात नातू आला. चार वर्षं त्याला फक्त फोनवर पाहिलेलं, त्यामुळे आत्यानं तयारी लग्नघरासारखी केली होती. बागेत त्या वर्षीची बावीस पोरं रांगेत उभी. नातू समोर. सात वर्षांचा, उंच, केस कपाळावर आलेला. आत्यानं जीव ओतून आरोळी ठोकली, "साल्ता!" बावीस पोरं उडाली. नातू उभाच राहिला. मग तो स्पॅनिशमध्ये एक लांबलचक वाक्य बोलला. आत्या हसऱ्या चेहऱ्यानं आपल्या मुलाकडे बघू लागली. आतेभाऊ अवघडला. "आई, तो म्हणतोय, हे बाळांचं आहे. तो आता फुटबॉल खेळतो."

"व्हय? फुटबॉल? बरं बरं," आत्या म्हणाली आणि दोर गुंडाळू लागली.

नातू गुणी होता. आजीचं काहीतरी चुकल्यासारखं झालंय, हे त्याला कळलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो दोराचं एक टोक धरायला येऊ लागला, पोरांना दटावू लागला, त्यांना फुटबॉलमधला गोल करायला शिकवू लागला. तो भराभरा बोलायचा आणि आत्या त्याच्या मागं मागं हिंडत ऐकायची. दहा शब्दांतला एखादा ओळखीचा निघाला की तेवढाच हळूच म्हणून बघायची. तीन आठवड्यांनी ती सगळी मंडळी परत गेली.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या वर आली. चक्क खुर्ची ओढून बसली. "बाळा, मोठ्या पोरांची स्पॅनिश कुठं शिकवतात रं? माझी तीन वर्षांचीच राहिली. ते सातचं झालं."

मी मोबाईलवर एक वर्ग शोधला. शिकवणारे भले वाटले, पण आधी फॉर्म भरायचा होता. नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढे 'शिकण्याचा उद्देश' असं होतं आणि खाली तीन पर्याय: नोकरी, उच्चशिक्षण, पर्यटन.

"काय विचारायलेत?" आत्यानं वाकून पाहिलं. चष्मा ती खालीच विसरली होती.

"कशासाठी शिकायचंय म्हणून."

"मग लिही की. नातवाशी बोलायला."

"लिहितो," मी म्हणालो आणि पर्यटनावर खूण केली.