एकच रिअ‍ॅक्टर

दौंडच्या अझरुद्दीनला शाळेपासून लोक धांदरट म्हणत आले आणि त्यानेही ते मुकाट मान्य केलं होतं. गॅसवर दूध ठेवून गडी दाढीला बसायचा, दाढी अर्धी टाकून बल्ब बदलायला स्टुलावर चढायचा, आणि दूध उतू गेल्याचा वास आला की सगळ्यांत आधी तोच ओरडायचा, "दूध कुणी ठेवलं रं?" शेवटी त्याच्या बायकोने, शाहिस्ताने, त्याला पुण्याला समुपदेशक मॅडमकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, हा एडीएचडी, मोठ्या माणसांनाही असतो; लक्ष एका जागी ठरत नाही, पण हा आळस नव्हे. ते ऐकून पस्तिशीतला अझर तिथेच रडला.

मॅडमनी सवयी लावल्या. प्रत्येक कामाला मोबाइलवर गजर, एका वेळी एकच काम, आणि हातातलं काम तोंडाने बोलत करायचं. घर खरोखर सुधारलं. त्याची आई सरदारबी शेजारीपाजारी सांगत सुटली, "माझा अझर माणसात आला!" इतकी वर्षं तो कशात होता, हे तिला कुणी विचारलं नाही.

पण कुरकुंभच्या औषध कारखान्यात मोबाइल आत नेता येत नाही. पेट घेणारी रसायनं, ठिणगीची भीती. अझर तिथे रिअ‍ॅक्टरवर कामाला. टाकीएवढं बंद भांडं ते. आतलं तापमान ठरल्या आकड्याला गेलं की थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. विसरला तर स्फोट, आणि आजूबाजूला माणसं. आजवर शेजारच्या रिअ‍ॅक्टरवरचा सम्राट आठवणीने हाक मारायचा, "अझर, पाणी!" गेल्या महिन्यात सम्राट रांजणगावच्या कंपनीत गेला.

"साहेबांना खरं सांगा, चावीचं गजराचं घड्याळ मागून घ्या, त्याने ठिणगी पडत नाही," मॅडम म्हणाल्या. सांगायला काय जातंय! डोक्याच्या इलाजाला जातो म्हटल्यावर रिअ‍ॅक्टरवर कोण ठेवील? अझर दोनदा मॅनेजर बापूसाहेबांच्या केबिनपर्यंत गेला आणि हातमोजे मागून परत आला.

मग तो व्हॉल्व्हवर हात ठेवून पाळीभर उभाच राहू लागला. चहा नाही, डबा नाही, लघवीलाही नाही. नजर काट्यावर. लोकांना वाटलं, काय निष्ठा आहे! त्याला मात्र खुंट्याला बांधल्यागत वाटायचं. घरी आला की पाय सुजलेले, आणि कुणाशी बोलायचं त्राण नाही.

बापूसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "असा माणूस पायजे. सम्राटच्या जागी कोण मिळंना. उद्यापासनं दोन्ही रिअ‍ॅक्टर तूच बघ."

"व्हय साहेब," अझरच्या तोंडून निघून गेलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. सुधारणा दहापैकी किती?

"आठ."

"छान! मग आता दोन महिन्यांनीच भेटू."

बरा झाला म्हणून सगळेच त्याचा हात सोडायला निघाले होते.

"थांबा मॅडम. आठ खोटं हाय. मी तिथं पाळीभर व्हॉल्व्ह धरून उभा असतो. आन् उद्यापासनं दोन हायेत. माझे हात पुरायचे न्हाईत."

"मग साहेबांना आजच सांगावं लागेल, अझर."

फोन ठेवला तेव्हा शाहिस्ता समोरच उभी होती. "नोकरी जाईल," तो म्हणाला.

"जाऊ द्या. नोकरी हाय तवा तरी तुम्ही कुठं घरात असता?"

त्याने बापूसाहेबांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. इलाज, विसराळूपणा, सम्राटची हाक, सगळं.

"उद्या प्लँटमधी जाऊ नगंस," बापूसाहेब म्हणाले. "आधी माझ्या केबिनला ये."

नोकरी राहिली की गेली, काही कळलं नाही. अझरने फोन खाली ठेवला. कितीतरी दिवसांनी त्याने शाहिस्ताकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "जेवायला काय केलंयस?"