बिनखिळ्यांचं घर

अख्ख्या अमिरातीत हिमवर्षावाची जय्यत तयारी करून बसलेला एकच माणूस होता, आणि तो आमच्या दुबईतल्या ऊद मेथाच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहत होता. जबल अलीच्या एका लाकडाच्या गोदामात हे आमचे शेजारी स्टोअर-इन्चार्ज. तिथे कुठल्याशा थंड मुलखाच्या कॅटलॉगमध्ये त्यांनी ओंडक्यांचं घर पाहिलं, आणि बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघितलेला हा नाशिककर जो झपाटला, तो झपाटलाच! गप्पा कुठल्याही असोत, गाडी ओंडक्यावर येणार. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तर चौरंगाचा पाय ठोकून म्हणाले, "खिळा मारलाय! खिळा म्हणजे सुताराची हार हो!" भटजींनीसुद्धा पोथी थांबवून चौरंग तपासला.

या वेडाला कारण होतं. एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं, स्वयंपाकघराच्या पाळ्या, याला कंटाळून वहिनी मुलांना घेऊन नाशिकला गेल्या होत्या. जाताना स्पष्ट म्हणाल्या, "आपला स्वतःचा दरवाजा असेल तिथे बोलवा. तोवर मी येणार नाही." आता दुबईत आपल्याला कोण जमीन देणार? पण त्यांच्या अरबी मालकाने खजुराच्या बागेतला एक कोपरा देऊ केला. "यल्ला हबीबी, बांध तुझं घर!"

मग दोन वर्षं दर शुक्रवारच्या सुट्टीत गोदामामागे हेच. टाकाऊ ओंडक्यांची साल सोलायची, प्रत्येक ओंडका खालच्याच्या पाठीवर चपखल बसेल असा पोटातून कोरायचा, कोपऱ्यात खाचा पाडून एकात एक अडकवायचे. दारावर मात्र चार बोटं फट, कारण लाकूड वाळलं की भिंत खाली बसते. हे त्यांनी फोनवर उत्साहाने कळवलं, "अगं, आपलं घर दीड इंच बसलं!" आपल्याकडे घर बसलं म्हणजे कोसळलं. वहिनींनी रडून आळी गोळा केली, आणि फोनकार्ड संपेपर्यंत हे समजावत राहिले.

शेवटी घर उकलून, ट्रेलरने बागेत नेऊन पुन्हा जुळवायचं ठरलं. त्यासाठी शंभरेक ओंडक्यांवर यांनी नंबर घातले, तेही अस्सल मराठीत. "इंग्रजीत घातले तर कुणीही चोरून जुळवेल!" नेमकी ऐन वेळी यांची कंबर धरली, आणि काम पेशावरच्या सुतारावर पडलं. त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादला सवय अरबी आकड्यांची. आपला एक त्याला नऊ दिसतो आणि आपलं शून्य त्याचं पाच. त्यामुळे पायाजवळचा दहा नंबर त्याने पंचाण्णव समजून थेट छपराखाली चढवला! जे आकडे वाचताच आले नाहीत, ते 'इन्शाल्ला' म्हणून लावले.

मे महिन्याच्या सुट्टीत वहिनी आणि मुलं आली. विमानतळावरून मीच सगळ्यांना गाडीने बागेत नेलं. घर बघून आमचे शेजारी मटकन वाळूतच बसले. एका भिंतीला पोट सुटलेलं, दुसरीच्या फटीतून बकरी तोंड घालून आत बघत होती. उस्ताद छाती फुगवून म्हणाला, "साब, एक एक नंबर देख के लगाया!" "अगं, उद्या सगळं काढतो, परत नीट लावतो," हे कसेबसे म्हणाले. वहिनी आत गेल्या, दार लोटलं, कडी लावली. उघडली. पुन्हा लावली. मग आतून आवाज आला, "खबरदार एक ओंडका हलवलात तर! आणि चहाची भांडी कुठे ठेवलीत?"

खिडकीतला एसी निम्मा खजुरांनाच गार करायचा. वहिनींनी फटींत जुन्या साड्यांचे बोळे कोंबून त्या घरात संसार थाटला, आणि शाळा सुरू झाली तरी तिकीट पंधरा दिवस पुढे ढकललं. पुढे मालकाने बाग विकली, घर गेलं, आणि नोकरीची उरलेली वर्षं यांनी पुन्हा त्या फ्लॅटमध्ये एकट्याने काढली.

आता ते नाशिकला असतात. परवा फोनवर मी सहज म्हटलं, "उस्तादने घोळ घातला नसता, तर काय झकास घर झालं असतं हो!"

ते हसतील असं वाटलं होतं. पण म्हणाले, "झकासच होतं. पंधरा दिवस जास्त राहिली ना ती."