तुळसाला चारलेली डाळ

शिंदखेड्याच्या भाईदासने तुळसाला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलं, तेव्हा ती आईला नुकतंच सोडलेलं पांढरं शिंगरू होती. भाईदासला मूलबाळ झालं नाही, पुढे बायको शेवंताबाईही गेली. घरात बोलायला ही घोडीच उरली. लग्नसराईत नवरदेव तिच्या पाठीवर बसायचे आणि भाईदास लगाम धरून पुढे चालायचा.

तिच्या पोटाला तो फार जपायचा. घोड्याचं अंग थोराड, पण जठर लहान. म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं गवत लागतं. पुढे लांबलचक आतड्यांत ते सावकाश आंबतं आणि त्याचं बळ होतं. दाणा एकदम जास्त गेला की फुगतो, वायू धरतो. आणि घोड्याला ओकता येत नाही. भाईदास रोज सकाळी आधी लीद बघायचा, मग तिच्या कुशीला कान लावून गुडगुड ऐकायचा, मगच चहा प्यायचा.

त्या दिवशी अमळनेरला सुगनचंद शेठच्या नातवाची, अखिलची, वरात होती. त्यांच्यात घोडीला हरभऱ्याची डाळ चारायची रीत. बहिणींनी मूठमूठ चारली तसा भाईदास म्हणाला, "बस, आक्का. एवढं पुरं शे."

वरात पोचल्यावर शेठने त्याला हाताला धरून पंगतीत बसवलं. तेवढ्या वेळात अखिलची आजी प्रेमकुंवर डाळीचं घमेलं घेऊन मांडवामागे गेली. घोडी दमली असेल, भुकेली असेल, असं तिला वाटलं. भाईदास परतला तेव्हा तुळसा रिकामं घमेलं चाटत होती.

दुपारी तिने पाय आपटायला सुरुवात केली. मान वळवून कुशीकडे बघायची, खाली पडायची, लोळायची, घामाने निथळत उठायची. भाईदास तिला चालवत राहिला. जनावरांचे डॉक्टर धावत आले. त्यांनी सुई दिली, नाकातून नळी घातली. पण डाळ फुगून घट्ट बसली होती, जेमतेम पाणी बाहेर आलं.

उन्हं कलली आणि तुळसा एकदम शांत झाली. पाय आपटणं थांबलं. तिने भाईदासच्या खांद्यावर तोंड टेकलं.

"उतरनं, डॉक्टरसाहेब! तिनं दुखणं उतरनं!" भाईदास रडत हसला.

डॉक्टरांनी तिचे थंड पडलेले कान चाचपले. "भाऊ," ते हळूच म्हणाले, "जठर फाटलंय. म्हणून कळा थांबल्या."

अंधार पडायच्या आत ती गेली. भाईदास तिची आयाळ बोटांनी विंचरत बसून राहिला, खड्डा खणून होईपर्यंत.

काही दिवसांनी प्रेमकुंवर सुनेला घेऊन त्याच्या दारात आली. म्हातारी उंबऱ्यातच थबकली. "भाईदास, खरं सांग. माझ्या डाळीने गेली का रे ती?"

ओठांवर आलेलं त्याने गिळलं.

"नही आक्का. तिनं वय व्हई जायेल व्हतं. तुम्ही काय करशात?"

म्हातारीने डोळे पुसले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसली.

भाईदासने दुसरी घोडी आणली नाही. वरातीचा बँड गल्लीत शिरला की तो दार लोटून घेतो आणि आवाज लांब जाईपर्यंत भिंतीला पाठ लावून बसतो.